खळ्यावरचं मागणं

भुजंग मांगाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा फादरनी त्याचं नाव पौल ठेवलं. भुजंग म्हणजे साप, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, आणि त्यांच्या ग्रंथात सापाचं काम काही बरं नाही. रजिस्टरात पौल लागलं. गावात त्याला कोणी पौल म्हटलं नाही, बायकोनंही नाही. सहा महिन्यांनी फादरनीही नाद सोडला. ते त्याला भुजंगराव म्हणायला लागले.

फादर स्वित्झर्लंडचे. मराठी ते पुस्तकावरून शिकले होते आणि त्या पुस्तकात अरे-तुरेचं प्रकरण बहुतेक नसावं. कलेक्टरलाही ते ‘आपण’ म्हणत आणि शेळ्या राखणाऱ्यालाही. पहिल्या भेटीत त्यांनी भुजंगला ‘आपण बसावं’ म्हटलं, तेव्हा त्यानं मागं वळून पाहिलं. पाटील आले की काय, असं त्याला वाटलं. मागं कोणी नव्हतं. तू ख्रिस्ती का झालास, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. त्यानं मला एवढीच गोष्ट सांगितली आणि बिडी पेटवली.

मी त्या गावचा मास्तर. गावाचं नाव लिहीत नाही. परभणीहून जिंतूरला जाताना रस्त्यापासून थोडं आत आहे, एवढं पुरे. ज्यांचं आहे ते ओळखतील आणि माझ्यावर चिडतील. निजामाच्या राज्यात मी उर्दूतून शिकवायचो. राज्य गेल्यावर त्याच पोरांना तेच पाढे मराठीतून शिकवले. पोरांना ते दोन्हींतून येत नव्हते.

भुजंगचं काम दोरखंडाचं. केकताडाच्या पानांचा वाख, म्हणजे धागा, काढून तो कासरे, दावी, मोटेचे नाडे वळायचा. वर्षभर गावाला दोर पुरवायचे आणि सुगीत खळ्याखळ्यावर जाऊन ज्वारीचं बलुतं घ्यायचं, ही रीत. त्याचा नाडा तुटत नसे. त्यामुळं एरवी गावाला त्याची आठवण क्वचितच व्हायची.

सप्टेंबर अठ्ठेचाळीसमध्ये पोलीस ॲक्शन झालं. भारताचं लष्कर आलं, चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं आणि रझाकार पळाले. रझाकार आमच्या गावात आधी दोनदा येऊन गेले होते. घरं जाळली होती, माणसं मारली होती. गावाचा राग खोटा नव्हता. पण रझाकार पळून गेले होते आणि मैनोद्दीन पिंजारी घरी होता.

मैनोद्दीन कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. गावातला एकही नवरदेव असा नव्हता जो त्यानं भरलेल्या गादीवर झोपला नसेल. त्या आठवड्यात मैनोद्दीन गेला. गावात असंच म्हणतात, गेला, जसा माणूस तापानं जातो. त्याची बायको जैनबी दोन लेकरं घेऊन परभणीला भावाकडं पोचली. तिचं घर उघडं राहिलं.

मग गावानं ते घर वाटून घेतलं. लुटलं असं आमच्याकडं कोणी म्हणत नाही. लुटीत गोंधळ असतो, आणि इथं तर सगळं रीतीनं झालं. आधी पाटील, मग पाटलांचे भाऊबंद, मग बाकीचे कुणबी, मग सुतार-न्हावी, आणि सगळ्यांत शेवटी मांगवाडा. पाटील आप्पाराव यांनी स्वतः उभं राहून क्रम मोडू दिला नाही. भुजंगचा नंबर आला तेव्हा घरात दारच उरलं होतं.

सागवानी दार, एकाच फळीचं, लोखंडी कडीचं. भुजंगनं ते पाठीवर घेतलं आणि घरी आणलं. त्याच्या झोपडीला तोवर तुरकाट्यांची ताटी होती. दार इतकं मोठं की त्यासाठी पुढची भिंत हातभर उंच करावी लागली. त्याची बायको धुरपदाबाई त्या दिवशी लग्नातल्यासारखी खूश होती. वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या टोपलीतल्या भाकरी कुत्र्यापासून सुरक्षित होत्या.

फादर महिन्यातून एका रविवारी परभणीहून सायकलीवर येत. गावात ख्रिस्ती घरं चार, देऊळ नाही, टेबल नाही. भुजंग मग दार बिजागरीतून उचलून काढायचा, दोन दगडांवर आडवं ठेवायचा, आणि फादर त्यावर पांढरं कापड अंथरून मिस्सा, म्हणजे त्यांची पूजा, करत. त्या दारावरच भाकर आणि द्राक्षारस ठेवला जाई. मिस्सा संपली की दार परत चौकटीत. साडेतीन वर्षं हे असं चाललं. फादर मला जुनी वर्तमानपत्रं आणून देत, म्हणून मीही त्या रविवारी मांगवाड्यात जाऊन कडेला बसायचो. त्याबद्दल पाटलांनी मला दोनदा हटकलं होतं.

बावन्न साली, त्यांच्या ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात, फादर दर रविवारी यायला लागले. पहिल्याच रविवारी ते न्यायावर बोलले. त्यांचं म्हणणं सोपं होतं.

“आपण आपलं काही दुसऱ्यास दिलं, तर ती दया. दुसऱ्याचं त्यास परत दिलं, तर तो न्याय. न्याय न करता दया करणारा मनुष्य शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी काढून शेजाऱ्यासच पाजतो आणि आभार मागतो.”

मजुराची मजुरी दाबून ठेवणं हे स्वर्गाकडं ओरडणाऱ्या पापांपैकी एक आहे, असंही ते म्हणाले. आमच्या गावातून त्या हिशेबानं एवढा ओरडा वर जात असायला हवा होता की देवाला झोप लागू नये. पण ऐकणारे सगळे मजूरच होते. ते मान डोलवत राहिले.

त्यानंतर कबुली. ख्रिस्ती लोक आपलं पाप फादरला सांगतात आणि फादर देवाच्या नावानं क्षमा करतात. कबुली गुप्त असते म्हणे, पण ती फादरच्या बाजूनं. भुजंग थोडा ऐकायला कमी होता, म्हणून बोलायचा मोठ्यानं. लिंबाखाली तो गुडघे टेकून बसला आणि सगळ्या मांगवाड्यानं त्याची कबुली ऐकली.

“आणखी काही?” फादरनी विचारलं.

“दार हाय.”

“कोणतं दार?”

“ज्याच्यावर तुमी मिस्सा करायलाव ते. मैनोद्दीन पिंजाऱ्याचं हाय.” आणि त्यानं सगळं सांगितलं, कोणाचा नंबर कितवा होता तेसुद्धा.

फादरनी दाराकडं वळून पाहिलं. मग म्हणाले, “म्हणजे मीही.”

मग त्यांनी नियम सांगितला. चोरीची वस्तू घरात ठेवून केलेल्या पश्चात्तापाला पश्चात्ताप म्हणत नाहीत. दार मालकिणीकडं जायला हवं. ते ईस्टरच्या आत गेलं की क्षमा, तोवर नाही. तोवर ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली भाकर, तीही नाही.

पुढच्या मिस्सेत बाकीचे प्रसाद घ्यायला पुढं सरकले आणि भुजंग मागं बसून राहिला. ज्या माणसाला देवळाच्या पायरीवर कधी चढू दिलं नव्हतं, त्याला एका ठिकाणी पुढं जायला मिळालं होतं, आणि आता तिथंही तो मागं होता. त्यानं डोळे पुसले नाहीत, नुसते वाहू दिले. मला फार वाईट वाटलं आणि फादरचा रागही आला. मिस्सा संपल्यावर मी त्यांना गाठलं.

“फादर, सगळ्या गावानं घर नेलं. आणि तुम्ही धरलं कोणाला, तर ज्याला सगळ्यांत कमी मिळालं त्याला.”

“खरं आहे,” फादर सायकलची साखळी बसवत म्हणाले. “पण माझ्याकडे तेच आले. आपण कधी येता?”

मी ब्राह्मण, ख्रिस्ती नव्हे. मी कशाला जातो? पण घरी जाताना ते वाक्य पायात काट्यासारखं राहिलं. कारण शाळेत दोन सतरंज्या होत्या. निळ्या काठांच्या, चांगल्या जाड. ऑक्टोबर अठ्ठेचाळीसमध्ये पाटलांनी त्या शाळेला भेट दिल्या होत्या आणि मी त्यांचे आभार मानले होते, लेखी. त्या कोणाच्या घरातल्या हे मला ठाऊक होतं. मैनोद्दीनच्या ओसरीवर त्याच सतरंजीवर बसून मी चहा प्यालो होतो.

धुरपदाबाईनं दार द्यायला साफ नकार दिला. तिचं फादरशी वाकडं नव्हतं.

“देवाला दार लागत न्हाई,” ती म्हणाली. “त्येच्या घरात कुत्रं येत न्हाई. मपल्या घरात येतंय.”

भुजंगनं वाद घातला नाही. त्यानं बाहेर बसून नवी ताटी विणायला घेतली. ताटी पुरी झाली तेव्हा तिनंच येऊन ती दाराच्या मापाशी लावून पाहिली आणि कुत्रं कुठून शिरेल ते दाखवलं. त्यानं तिथं आणखी तीन काड्या घातल्या. धुरपदाबाईचा होकार म्हणजे एवढाच.

पण भुजंगची अडचण आता वेगळी झाली होती. तो मला म्हणाला, “मास्तर, जैनबी भाबीला निस्तं दार न्हेऊन काय करू? दाराला घर लागतंय.”

पुढच्या वेळी त्यानं फादरना तेच विचारलं. फादरनी सांगितलं की दुसऱ्याच्या पापात आपला वाटा पडण्याचे नऊ मार्ग आहेत. सल्ला देणं, हुकूम करणं, संमती देणं, भरीला घालणं, वाहवा करणं, लपवणं, लाभात भागी होणं, समर्थन करणं आणि गप्प राहणं. भुजंगनं ते बोटांवर धरले. त्याला त्यांतले चार लागू पडले आणि गप्प राहणं त्याला सगळ्यांत जड वाटलं. म्हणजे आता दार नेऊन भागणार नव्हतं. गावाकडं जे आहे त्याबद्दल बोलायला हवं होतं. आणि बोलायचं म्हटलं तर मांगानं गावाला कुठं बोलायचं? चावडीवर त्याला उभं राहू देत नव्हते, पाटलाच्या ओट्यावर चढता येत नव्हतं. वर्षातून एकच जागा अशी होती जिथं भुजंगनं तोंड उघडलं की गावाला ऐकावंच लागायचं.

ती जागा म्हणजे खळं.

ज्वारी मळून झाली, वारं दिलं, की खळ्यात रास पडते. राशीची पूजा होते. मग बलुतेदार येतात आणि आपला वाटा मागतात. बलुतेदार रिकाम्या हातानं परतला तर रास बाटते, पुढल्या साली कणीस भरत नाही, असं आमच्याकडं पक्कं मानतात. म्हणून सगळे बलुतेदार समाधानानं गेल्याशिवाय रास उचलायची नाही. कायदा बदलला, राज्य बदललं, ही रीत बदलली नव्हती. भुजंगनं तिचा असा उपयोग करावा हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. मला विचाराल तर त्याच्याही नव्हतं. तो फक्त जिथं मागायचा हक्क होता तिथं गेला.

पहिलं खळं लिंबाजीचं. लिंबाजी लहान शेतकरी, मनाचा भला, घाबरट. त्यानं सुपात ज्वारी भरली. भुजंगनं पासोडी पसरली नाही.

“यंदा दाणं नको, मालक. मैनोद्दीनचा हंडा द्या.”

लिंबाजी इकडंतिकडं बघायला लागला. खळ्यावर न्हावी होता, सुतार होता, कुंभार होता. प्रत्येकाच्या घरी काही ना काही होतं, त्यामुळं प्रत्येकजण आभाळाकडं बघत होता. लिंबाजी घरी गेला आणि तांब्याचा हंडा घेऊन आला. त्यात त्यानं गळ्यापर्यंत ज्वारी भरली होती, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की बलुतंच दिलं. भुजंगनं हंडा राशीवर पालथा केला, दाणान् दाणा झटकला आणि रिकामा हंडा घेऊन गेला.

“आरं, दाणं तरी ऱ्हाऊ दे,” लिंबाजी मागून म्हणाला.

“दोन्ही कसं घिऊ? एका खळ्यावर एकदाच मागत्यात.”

इथं गावाची सोय झाली. कोणाला काही कबूल करावं लागलं नाही. मांगानं मागितलं, बलुतं म्हणून दिलं, तो त्याचं काय करतो ते आपल्याला काय माहीत. पंधरा दिवसांत मांगवाड्यात सामान जमलं. परात, रॉकेलची चिमणी, लेकराचा पाळणा, दोन रजया. जात्याची वरची तळी एका घरून आली आणि खालची दुसऱ्या घरून. साडेतीन वर्षं दोन्ही घरं एकेक तळी सांभाळून बसली होती आणि दळत कोणीच नव्हतं.

भुजंग शाळेशीही आला. पायरीखाली उभा राहिला.

“मास्तर, तुमाला खळं न्हाई, म्हून तुमाला मागता येत न्हाई. निस्तं सांगून ठिवतो.”

मी सतरंज्या झटकून घड्या केल्या. पोरं जमिनीवर बसली. पाढे तेवढेच चुकले.

आता एक गोष्ट गावात सगळ्यांना दिसत होती आणि कोणी बोलत नव्हतं. भुजंगच्या घरी त्या साली एक पायलीही ज्वारी आली नव्हती. वर्षभराच्या दोराची मजुरी गेली होती. ज्यांनी हंडा-परात परत केली त्यांच्या राशी अख्ख्या घरी पोचल्या. गावाचं प्रायश्चित्त भुजंगच्या चुलीवर चाललं होतं. धुरपदाबाई दुसऱ्यांच्या रानात सरवा वेचायला जायला लागली, म्हणजे कापणी झाल्यावर मागं राहिलेली कणसं. हे आठवलं की मला आजही गावाचा संताप येतो, आणि त्या गावात मीही आलो.

फादर आले तेव्हा त्यांनी जमिनीवर कापड अंथरून मिस्सा केली. नंतर भुजंगला विचारलं, “वर्षभर आपण काय खाणार?”

“बगू.”

“हे मी सांगितलं नव्हतं. हा न्याय नव्हे.”

“मंग काय हाय?” भुजंगनं खरोखर माहीत करून घ्यायला विचारलं.

फादर जमिनीवरचं कापड उचलून घडी घालायला लागले. त्यांच्या पुस्तकात त्याला शब्द नसावा. माझ्याही नव्हता.

शेवटचं खळं आप्पाराव पाटलांचं. गावातली सगळ्यांत मोठी रास. मैनोद्दीनच्या घराचं सागवानी आढं, छपराचा मुख्य आधार, पाटलांनी काढून आपल्या नव्या गोठ्याला टाकलं होतं. शिवाय त्याची कापूस पिंजायची कमान त्यांच्या माजघरात लटकत होती. ती कोणाला वाजवता येत नव्हती, पण पाटलांच्या घरी वस्तू गेली की ती तिथंच राहते.

पाटलांनी सूप नव्हे, टोपलं भरून ज्वारी पुढं केली. भुजंगनं हात बांधलेले सोडले नाहीत.

“आढं द्या, मालक. आन् कमान.”

“भुजंग्या, लय शाणा झालास. आढं काढलं तर गोठा बसंल. बैलं मरतील.”

“आधी बैलं सोडा. मंग काढा.”

पाटील हसले, मग रागावले, मग घरी निघून गेले. भुजंग खळ्याच्या कडेला बसून राहिला. तो गेल्याशिवाय रास उचलता येईना. दुपार टळली. गड्यांनी पोती भरायला घेतली तेव्हा पाटलांच्या आई सारजाबाई काठी टेकत खळ्यावर आल्या. त्या ऐंशीच्या पुढच्या, आणि त्यांच्यापुढं पाटील आवाज काढत नसत. त्यांनी पोती खाली ठेवायला लावली. “बलुतेदार बसलाय आन् रास उचलता? पुढल्या साली काय माती खासाल?” त्यांना आढं, मैनोद्दीन, न्याय यातलं काही म्हणायचं नव्हतं. त्यांना रीत म्हणायची होती. पण बाई हटल्या नाहीत.

चार वाजता जिंतूरच्या अंगाला ढग दिसला, गारांचा. मार्चमधल्या गारा काय करतात हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पाटलांनी येऊन ढग पाहिला, आई पाहिली, भुजंग पाहिला.

“कमान घिऊन जा. आढ्याच्या बदल्यात नवा सागाचा वासा देतो, तेवढाच लांब. आन् न्ह्यायला गाडी देतो. झालं?”

“बदल्यात चालतंय का न्हाई, फादरला इचारून सांगतो.”

“आरं गारा यायल्यात!”

भुजंगनं विचार केला. मग “बरं” म्हणून उठला. गारा आल्या नाहीत. पाटील ते अजून त्याला माफ करत नाहीत.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी आम्ही परभणीला निघालो. पाटलांची गाडी, पाटलांचे बैल. सामानावर कडबा रचायची पाटलांची अट होती, लोकांनी विचारलं तर वैरण म्हणायची. भुजंगनं गाडी हाकली, मी सतरंज्या मांडीवर घेऊन मागं. बेत ठरलेला होता. जैनबीकडं सामान उतरवायचं, मग फादरच्या बंगलीवर जायचं. ते संध्याकाळपर्यंत थांबणार होते. तिथं भुजंगला क्षमा मिळायची आणि उद्या सकाळी मोठ्या मिस्सेत तो सगळ्यांबरोबर पुढं जायचा. वाटेत तो दोनदा म्हणाला, “उद्या म्या पुढं जाणार, मास्तर.” अंगात धुतलेला सदरा होता.

जैनबी स्टेशनापलीकडच्या एका गल्लीत राहत होती, भावाच्या घरामागच्या खोलीत. गोधड्या शिवून पोट भरत होती. आम्हाला बघून ती प्रथम आत गेली आणि कडी लावली. ते बरोबरच होतं. आमच्या गावची माणसं शेवटची तिच्या दाराशी आली होती तेव्हा चहाला आली नव्हती.

भुजंगनं बाहेरूनच सांगितलं, “भाबी, म्या भुजंग. तुमचं सामान हाय.”

मग तिनं कडी काढली. कडबा बाजूला केला, एकेक वस्तू उतरवली. ती प्रत्येकीवर हात फिरवत होती. हंड्याला पोचा आला होता, तो तिनं अंगठ्यानं चाचपला. जात्याच्या दोन्ही तळ्या एकावर एक ठेवून फिरवून पाहिल्या. कमानीला तिनं हात लावला नाही. दार आणि पाटलांचा वासा भिंतीला टेकवून उभे केले. त्या खोलीला आधीच दार होतं.

मी सतरंज्या दिल्या आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “शाळेत होत्या. नीट वापरल्या.”

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती भुजंगला म्हणाली, “समदं आणलंस. त्यांना कुठं टाकलं, तेवढं सांग.”

साडेतीन वर्षं मी त्याच गावात होतो. मैनोद्दीनच्या प्रेताचं पुढं काय झालं हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. पण तिनं ते भुजंगलाच का विचारलं, हे मला तिथल्या तिथं कळलं. गावात मेलेलं ओढून टाकायचं काम कोणाकडं येतं, हे तिला ठाऊक होतं.

भुजंग जमिनीकडं बघून बोलायला लागला. या वेळी हळू.

“पाटील म्हणले, वढ्यात ओढून टाक. म्या ओढलं न्हाई, भाबी. मपल्या घोंगड्यात गुंडाळलं, खांद्यावर घेतलं. वढ्याच्या वरल्या अंगाला हिवराचं झाड हाय, तिथं खांदलं. लय खोल खांदलं, कोल्ह्याच्या भेवानं. तुमच्यात डोकं कुणीकडं करत्यात ते ठाव न्हवतं. काय म्हणत्यात तेबी ठाव न्हवतं. कुणाला इचारायची सोय न्हवती. मंग आमच्या फादरनं शिकवलेलंच म्हणलं. ‘हे आमच्या स्वर्गातल्या बापा’ म्हणलं, आन् मरियेचं म्हणलं तीन बार. हात छातीवर ठिवले. तुमच्यात चालत नसंल. चुकलं आसंल तर ते म्या केलंय, त्यांनी न्हाई.”

जैनबी दाराला टेकून उभी होती, त्याच सागवानी दाराला. गल्लीत कोणीतरी कोंबड्या हाकत होतं.

“म्हणजे कुणीतरी काईतरी म्हणलं त्यांच्यावर,” ती म्हणाली.

“म्हणलं, भाबी.”

“मला वाटायचं कुत्र्यानं...” तिनं पदर तोंडावर घेतला. ती रडली तेव्हा भुजंगही रडला, आणि मी सतरंजीची घडी उगाच मोडून पुन्हा घालत राहिलो. मला माझी लाज वाटत होती, आणि ती वाटायला साडेतीन वर्षं उशीर झाला होता.

मग तिनं तोंड धुतलं, आत जाऊन बुरखा घेतला, लेकरांना भावजयीकडं दिलं. बाहेर येऊन म्हणाली, “मला तिथं न्हेतोस का?”

“व्हय,” भुजंग म्हणाला.

“आत्ता.”

मी त्याला बाजूला घेतलं. आत्ता निघालं तर गावात पोचेपर्यंत संध्याकाळ होणार होती. फादर बंगलीवर थांबले होते, उद्या ईस्टर होता. शिवाय पाटलांच्या गाडीतून, उघड्यावर, जैनबीला घेऊन गावात शिरायचं म्हणजे काय, हेही मी त्याला सांगितलं. “आधी फादरकडं जाऊन ये,” मी म्हणालो. “जवळच आहे. तुझं काम पुरं झालंय. क्षमा घे, मग बघू.”

भुजंगनं मान हलवली.

“अजून समदं दिलं न्हाई, मास्तर,” तो म्हणाला आणि बैल जुंपायला गेला.